केवळरामचे सदतीस काठ

समजलेलं नसताना, समजल्यासारखी मान हलवून, तुम्ही कधी कशाला ‘हो’ म्हटलं आहे का? कचेरीत, दवाखान्यात, लोकांसमोर लाज जाऊ नये म्हणून? खरं सांगा, इथं कोणी ऐकत नाही.

मी म्हटलं आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी मोर्च्याच्या पत्रकांतून आणि कोर्टाच्या कागदांतून शिकलो, आणि आता पेपरात लिहितो. मी आत शिरलो की तालुक्याच्या कचेरीतले बाबू फायली शोधायला लागतात. असा मी, एका दुपारी मोहाडीत एका मशीनला ‘हो’ म्हणून बसलो. त्याचं काय झालं ते सांगायचं तर आधी केवळराम सोनकुसरे कोण होता ते सांगावं लागेल.

केवळराम आंधळगावचा. कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्या घरातला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण आम्ही एकाच तळ्यात पोहायला शिकलो म्हणून तो मला धम्मदीप न म्हणता धम्मा म्हणायचा आणि मी त्याला अरेतुरे. त्याची माय रुखमाबाई करवती काठाची लुगडी विणायची. करवतीच्या दातांसारखा काठ. आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, एक मधल्या कोशाचा आणि दोन काठांचे, आणि दर फेरीला काठाच्या किती तारा उचलायच्या याची मोजणी चुकली की दात मोडतो. रुखमाबाईच्या डोक्यात अशा सदतीस काठांची मोजणी होती. कागदावर एकही नाही. तिला लिहिता येत नव्हतं आणि लिहिता येणाऱ्यांना मोजणी येत नव्हती.

मागांचा धंदा बसला तेव्हा केवळराम नागपूरला गेला. एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत झाडपूस, धूळ पुसणं, वायरी ओढणं, असं काम. आठवी शिकलेला माणूस. पण बघण्यात पटाईत. विणकराची नजर, दुसरं काय. तिथल्या एका सरांनी एका जुन्या ३८६ मशीनवर ३८६बीएसडी नावाची प्रणाली टाकली होती. म्हणजे मोठमोठ्या संस्थांच्या मशीनवर चालणाऱ्या युनिक्सच्या घराण्यातली, पण घरच्या मशीनवर चालणारी आणि फुकट. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, चित्र नाही की रंग नाही. पुढं विंडोज आलं, पोरं तिकडं वळली. सर मात्र संध्याकाळी त्या काळ्या पडद्यासमोर बसत आणि केवळराम त्यांच्या मागं झाडू घेऊन उभा. एक दिवस सरांनी विचारलं, शिकतो का. चार वर्षं शिकला. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कोणत्या आकाराची अक्षरं टाकली की मशीन काय करतं ते पाठ. नक्षी पाठ करावी तसं.

सर सेवानिवृत्त झाले आणि मशीन भंगारात निघालं. सरांनी ते रीतसर सोडवून केवळरामच्या हाती दिलं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला ते वर्ष. केवळराम एसटीत मशीन चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आला. गावानं भरपूर करमणूक करून घेतली. पानठेल्यावरचा परसराम म्हणाला, जिल्ह्याची वाटणी झाली त्यात केवळरामच्या हिश्शाला हा डबा आला. कोणी म्हणे टीव्ही आणला पण पिक्चर लागत नाही. त्याची बायको धुरपता आठ दिवस बोलली नाही. तिनं त्या डब्यावर पापड वाळवले तेव्हा कुठं घरात शांतता झाली.

मीसुद्धा हसलो. पण एकदा दुपारी गेलो तर पाहतो काय, रुखमाबाई मशीनशेजारी पाट टाकून बसलेली, डोळे मिटून मोजणी म्हणते आहे, एक, तीन, पाच, सात, पाच, आणि केवळराम पडद्यावर चांदण्या आणि टिंबं टाकतो आहे. चांदणी म्हणजे काठाची तार, टिंब म्हणजे कोशाची. एक ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी. डावा अर्धा काठ झाला की त्यानं चार अक्षरांचा काहीतरी हुकूम टाकला आणि उजवा अर्धा आपोआप उमटला, आरशात पाहावा तसा. रुखमाबाईनं डोळे उघडले आणि पडद्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “तिसऱ्या ओळीत एक तार जास्त झाली.” झाली होती.

मी त्याला फुकटाबद्दल विचारलं. फुकट काही नसतं हे माझं आयुष्यभराचं शिक्षण. जो फुकट देतो तो मागून हात पिळतो, मग तो पुढारी असो की कंपनी. केवळराम धोटा हातात फिरवत म्हणाला, “धम्मा, ज्यानं बनवलं त्यानंच सांगून ठेवलं हाये. घ्या, उघडून पाहा, बदलवा, दुसऱ्याले द्या. माह्या मायनं तरी मले कायले कुलूप लावून शिकवलं?”

ती प्रणाली त्याच्याकडं आली तेव्हाच म्हातारी झाली होती. बनवणाऱ्यांनी हात काढून घेतला होता, दुसऱ्यांनी तिच्यातूनच नवीन काढल्या होत्या, वेगळ्या नावांच्या. तो म्हणायचा, हिच्या लेकी मोठ्या झाल्या, हिले आता कोणी पुसत नाही, पण लेकी चालतात तर हीच चालून राहिली ना.

दोन वर्षांत सदतीस काठ पडद्यावर आले. सगळे मिळून एका फ्लॉपीत मावले. मग त्याला नाद लागला. भंडाऱ्याचं प्रदर्शन असो, नागपूरचा हातमाग मेळावा असो, हा कापडाच्या पिशवीत फ्लॉप्या घेऊन जायचा आणि जो काठाला हात लावून दोन मिनिटं बघेल त्याला एक द्यायचा. प्रत्येकीवर निळ्या शाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं, ‘रुखमाबाईचे काठ’. वीस-पंचवीस तरी वाटल्या. मी त्याला झापलं, अबे, कोणाजवळ मशीन हाये, भाकरीसोबत खाऊन राहिले का लोकं त्या? निदान घेणाऱ्याचं नाव-गाव तरी लिहून घे. त्यावर तो खरंच गोंधळला. “द्याचंच हाये तर नाव कायले विचाराचं?”

त्याच्या घरात असंच होतं. त्यांच्याकडं आलेल्याला पाणी देताना कोणी नाव विचारत नसे.

रुखमाबाई २००२ च्या उन्हाळ्यात गेली. पुढच्या वर्षी लाईनीचा, म्हणजे विजेचा, जो खेळ चालायचा, आली, गेली, दुप्पट जोरानं आली, त्यात मशीन गेलं. आतली चकती खरखर करून थांबली. केवळराम घाबरला नाही. घरात तीन फ्लॉप्या होत्या, तिन्हीत सगळे काठ. तसलं जुनं मशीन कुठं मिळतं का ते तो बघत होता. ते मिळायच्या आधी त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली.

त्याची मुलगी खुशबू तेव्हा एकोणीस वर्षांची. मागावर बापासारखाच हात. पण हातात तिच्या नऊच काठ होते. बाकीचे अठ्ठावीस ती पडद्यावर बघून विणायची, तो पडदा आता काळा. डॉक्टरनं धुरपतावहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा झटका आला तर निभणार नाही. खुशबूला एवढंच पाहिजे होतं की बापाच्या देखत ते काठ बाहेर यावेत. कुठं चुकलं तर मान हलवून सांगणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

ती म्हणाली, नागपूरला जाऊन सरांना शोधू. मी म्हणालो, नागपूर कायले, मोहाडीत विनोदचा क्लास आहे, दहा मशीन आहेत त्याच्याकडं. ती म्हणाली, “काका, बाबाची मशीन वेगळी होती. विंडोजवाल्यात नाही उघडणार.” मला राग आला. पोर मला शिकवते. मी तिला ऐकवलं, मशीन मशीन सारखीच असते, तू माग सांभाळ. ती सोबत येते म्हणाली, तर म्हटलं, गरज नाही. ती म्हणाली, एक फ्लॉपी घरी ठेवते. तेही मी ऐकलं नाही. एखादी खराब निघाली तर परत खेप कोण करेल? तिन्ही घेतल्या.

खाटेवरून केवळराम डाव्या हातानं खाटेची पाटी ठोकत होता. मला वाटलं, लवकर जा म्हणतो आहे.

विनोदनं पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर इंग्रजीत एक चौकोन आला. तो म्हणाला, “भाऊ, फॉरमॅट करू का म्हणते. करू?” क्लासात सात-आठ मुली बसल्या होत्या, त्यांतल्या दोघींनी मला मोर्च्यात भाषण करताना ऐकलं होतं. फॉरमॅट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. मान हलवली, माहीत असल्यासारखी. पुन्हा चौकोन आला. सगळं पुसलं जाईल असं त्यात लिहिलेलं असतं हे मला आज माहीत आहे. विनोदला मी दोष देत नाही, त्याला वाटलं मी कोऱ्या फ्लॉप्या तयार करून घ्यायला आणल्यात. “ह्यालेही हो म्हणू?” म्हण, म्हटलं.

यंत्र घरघरलं. मग फ्लॉपी उघडली, आत काही नव्हतं. मी म्हणालो, ही रिकामी दिसते, दुसरी घाल. दुसरीलाही तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसरीलाही.

परत येऊन मी खुशबूला सांगितलं की कोऱ्या निघाल्या. वर हेही म्हणालो की तुझ्या बापानं एवढी वर्षं काय भरलं कोणास ठाऊक. खाटेजवळ उभा राहून बोललो मी हे. केवळरामनं ऐकलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं ते अजून माझ्या मानेवर बसलं आहे. रागानं नाही पाहिलं. एखाद्याचा दात विणताना मोडला तर तो असा बघायचा, किती मागं जाऊन उसवावं लागेल याचा अंदाज घेत.

मग त्यानं डावा हात उचलला आणि माझं मनगट धरलं. बोटानं टिचक्या मारू लागला. एक. थांबला. तीन. थांबला. पाच. मी खुशबूला म्हणालो, पाह्य, हात थरथरून राहिला, डॉक्टरले बोलाव. ती धावत आली ती डॉक्टरसाठी नाही, वहीसाठी. खाली बसली आणि लिहायला लागली.

अकरा दिवस असं चाललं. तो माझ्या मनगटावर टिचक्या मारायचा, खुशबू चांदण्या काढायची, ओळ पूर्ण झाली की वही त्याच्या डोळ्यांसमोर धरायची आणि तो पापण्या मिटून पसंती द्यायचा. अर्धाच काठ सांगायचा, कारण उरलेला अर्धा ती उलटवून घेणार हे त्याला माहीत होतं. चार काठ झाले. पाचवा काठ सुरू होता, नवव्या ओळीत चार टिचक्या झाल्या आणि हात माझ्या मनगटावरच राहिला. पुढची येईल म्हणून आम्ही बराच वेळ थांबलो. वहिनी पाणी घेऊन आत आली तेव्हा तिनंच ओळखलं.

पुढच्या वर्षी मनाली नावाची एक इंजिनिअरिंगची मुलगी माग बघायला आली. खुशबूनं तिला बापाचं बंद मशीन दाखवलं आणि फ्लॉप्यांची गोष्ट सांगितली. मी ओसरीत बसलो होतो. मनाली हळू आवाजात म्हणाली, त्या कोऱ्या नव्हत्या. विंडोजला त्या प्रणालीचं लिखाण वाचता येत नाही, वाचता आलं नाही की ते कोरं समजतं, आणि विचारतं, पुसून नव्यानं आखू का. मोडी न येणारा माणूस आजोबाचा कागद पाहून रेघोट्या म्हणतो, तसं. पण मशीन निदान विचारतं तरी, ती म्हणाली. नाही म्हटलं की ते हात लावत नाही.

खुशबूनं माझ्याकडं वळून विचारलं, “काका, तुम्हाले विचारलं होतं का त्यानं?”

विचारलं होतं, मी म्हणालो. प्रत्येक वेळी दोनदा.

ती उठून मागावर गेली. संध्याकाळपर्यंत धोट्याचा आवाज येत राहिला आणि मी ओसरीत तसाच. मला वाटत होतं तिनं शिव्या द्याव्यात, मला उत्तर देता आलं असतं, भांडणात मी हरत नाही. जाताना ती दाराशी आली आणि एवढंच म्हणाली, “पेपरात दुसऱ्यायच्या चुका लिहिता. हे पण लिहा.”

म्हणून लिहिलं. सरांचा पत्ता लागला, पण ते राहिले नव्हते. खुशबूच्या हाती आज तेरा काठ आहेत आणि वहीत एक साडेआठ ओळींचा. चोवीस गेले. की नाही गेले, ते तुमच्या हातात आहे.

केवळरामनं २००१ ते २००३ या वर्षांत भंडाऱ्यात आणि नागपुरात ज्यांना फ्लॉपी दिली, त्यांची नावं कोणाजवळ नाहीत. ते तुम्ही असाल, तुमची बहीण असेल, नाहीतर ज्याच्याकडून तुम्ही जुनं कपाट घेतलं तो असेल. खण उघडून बघा. निळ्या शाईत ‘रुखमाबाईचे काठ’ लिहिलेली एक जरी सापडली तरी पुरे, सदतीसच्या सदतीस आहेत तिच्यात. ती कोणत्या मशीनमध्ये घालू नका. घातलीच, आणि चौकोन आला, तर नाही म्हणा. आणि ती खुशबू केवळराम सोनकुसरे, आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, या पत्त्यावर पाठवून द्या.