कोऱ्या डिस्कवरचा आवाज

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. मुरुडला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. "मशीन अंगात आल्यासारखं करतंय" असं गिऱ्हाईक म्हणालं की मी सांगतो, आधी प्लग नीट बसवा. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

आमच्या गल्लीच्या टोकाला रुकैया खाला राहतात. एकट्याच. त्यांचा मुलगा साजिद गल्फच्या एका जहाजावर नोकरीला होता, चार वर्षांपूर्वी समुद्रात बेपत्ता झाला. बॉडी मिळाली नाही. मोहल्ल्यातले म्हणायचे, गायबाना नमाज पढून घेऊ... मय्यत समोर नसली तरी जनाज्याची नमाज पढतात, ती. पण खाला भांडायला उठायच्या. "जित्या माणसाची नमाज पढता व्हय?"

साजिदचे जहाजावरून आलेले व्हॉइस मेसेज मीच खालांच्या फोनमधून त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून दिले होते. पुढे तो फोन पाण्यात पडून मेला. म्हणजे पोराचा आवाज उरला तो त्या एका हार्ड डिस्कवर. बॅकअप? घेऊ, घेऊ म्हणत राहिलो.

कॉम्प्युटर चालू व्हायला दहा-दहा मिनिटं लावायचा. मीच शहाणा! म्हटलं, "खाला, एसएसडी टाकतो, नवी वेगवान डिस्क. विंडोजसकट सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर नेतो."

"त्यात साजिदचा आवाज हाय, बाबा. जपून."

"अहो खाला, हातचा मळ आहे!"

दोन्ही डिस्क पाचशे जीबीच्या, यादीत सारख्याच दिसणाऱ्या. क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल करताना कुठून कुठे हे निवडायचं असतं, आणि आधी सिरियल नंबर ताडून बघायचा असतो. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. त्या दिवशी बघितला नाही, उलटं लावलं, कोऱ्या डिस्कची नक्कल जुनीवर. वॉर्निंग आली, ओके दाबलं — वॉर्निंग वाचतो कोण! — आणि घरी बांगड्याचं कालवण जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर जुनी डिस्क धुऊन पुसून कोरी. रिकव्हरीची तीन सॉफ्टवेअर लावून पाहिली. काही म्हणजे काही नाही.

सांगायची छाती होईना. एसएसडीवर नवं विंडोज टाकलं, साजिदच्या नावाचं अकाउंट काढलं, पासवर्ड ठेवला नाही. खालांच्या घरी, समोर बसून कबूल करू असं ठरवलं.

दुपारचे चार वाजले असतील. खालांनी चहा आणला. मी बटण दाबलं आणि स्क्रीनने पासवर्ड मागितला. अरे? मी काही बोलायच्या आत खालांनी एका बोटाने साजिदचा जुना पासवर्ड टाइप केला. उघडलं! स्क्रीनवर साजिदचा फोटो — दिघीच्या जेट्टीवर, उन्हात डोळे बारीक केलेला. बाजूला व्हॉइस मेसेजचा तोच जुना फोल्डर. खालांनी क्लिक केलं.

"अम्मी, जेवलीस ना? गोळी घेतलीस?"

स्पष्ट. दोघांनी ऐकलं. खाला हसल्या. "घेतली रे," म्हणाल्या.

आणि मी... मी घाबरलो हो! ती डिस्क मी स्वतः भरली होती, त्यात हे नव्हतंच! आधी सगळं पेनड्राइव्हवर घ्यावं, एवढी साधी अक्कलसुद्धा सुचली नाही. मी पॉवरचं बटण दाबून धरलं.

"बंद नको करू रे!" खाला किंचाळल्या.

पुन्हा चालू केला. क्षणात उघडला. निळा, कोरा डेस्कटॉप. पासवर्डही मागितला नाही.

मग सगळं सांगितलं. रडलोही. खालांनी ओढणीच्या टोकाने कोरी स्क्रीन पुसली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "इमामसाहेबांना सांग, या जुम्याला साजिदची नमाज पढून टाका."

ती एसएसडी मी इंच न् इंच स्कॅन केली आहे. साजिदचं त्यात काहीही नाही, कधी नव्हतं. भास म्हणावा, तर दोघांना एकच कसा? आणि पासवर्ड कुठून आला?

त्या शुक्रवारी, जुम्याला मी मशिदीबाहेर उभा होतो. चार वर्षं साजिद त्याच्या आईसाठी जिवंत होता. त्याला मारला तो मी.