पेपर मिलला हवं होतं पाहुण्याचं नाक

शहरातल्या सदर भागात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. कागदाच्या रिमा उचलून उचलून कंबरेचे टाके ढिले झाले, पण तो कागद होतो कसा, हे बघायला मी कधी गेलो नव्हतो. गेल्या रविवारी गेलो, आणि तेही कागद बघायला नाही. मला वास घ्यायला बोलावलं होतं.

माझी मोठी बहीण सुनंदाताई दिवाळीपासून जरीपटक्याला आमच्याकडे राहते आहे. तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, कन्हानच्या पुढे एका पेपर मिलमध्ये फोरमन आहेत आणि घर मिलच्याच कॉलनीत. तिथल्या हवेला सडक्या कोबीसारखा वास. त्याने ताईचं डोकं धरायचं, मळमळायचं. ती तक्रार करायची, तर भाऊजी म्हणायचे, वास कुठे आहे? बिचारे खोटं बोलत नव्हते. त्या हवेत इतकी वर्षं काढल्यावर त्यांचं नाक मेलेलं होतं. शेजाऱ्यांचंही तसंच. सगळ्यांनी मिळून ताईलाच भ्रमिष्ट ठरवलं, तेव्हा तिने बॅग भरली.

आता मिलमध्ये वासाचा गॅस पकडायची नवी लाइन बसली होती, आणि ती बसवण्यात भाऊजींचा हात होता. वास गेला असेल तर ताईने परत यावं, एवढीच त्यांची इच्छा. पण गेला की नाही हे त्यांना स्वतःला कसं कळणार? म्हणून मेहुण्याचं नाक मागवलं होतं. निघताना ताई फक्त एवढंच म्हणाली, "जे असन ते खरं सांगजो."

मोटारसायकलने कामठी मागे टाकली, कन्हानचा पूल ओलांडला आणि पुढे निलगिरीची लाकडं भरलेल्या ट्रकमागे लागून मिलच्या गेटवर पोचलो. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. तिथला वॉचमन पाहुण्याला नाव विचारण्याआधी "साहेब, आज येऊन राहिला का वास?" असं विचारतो. कॉलनीची ती रीतच आहे म्हणे. आपल्या नाकाचा भरवसा नाही, म्हणून आल्या-गेल्याला विचारायचं. मी लांब श्वास घेतला. ओल्या लाकडाचा वास होता, डिझेलचा होता. बाकी काही नाही. तसं सांगितल्यावर भाऊजींचा जीव भांड्यात पडला आणि ते मला मिल दाखवायला घेऊन निघाले.

नव्याने कामावर लागल्यासारखा मी हेल्मेट घालून त्यांच्यामागे चाललो. लाकडाच्या ढलप्या औषधाच्या, म्हणजे रसायनाच्या, पाण्यात शिजवतात, लगदा कागदाकडे जातो, आणि खाली उरतं ते काळं पाणी. मला वाटलं, हे नदीत सोडत असतील. भाऊजी हसले. ते पाणी आटवून आटवून काकवीसारखं दाट करतात आणि चार मजले उंच भट्टीत फवारतात. त्यात लाकडाचाच अंश असतो, तो जळतो, आणि त्या आगीच्या वाफेवर अर्धी मिल चालते.

मग त्यांनी एक झडप उघडली आणि निळी काच माझ्या हातात दिली. ती डोळ्यांपुढे धरून मी आत बघितलं. भट्टीच्या तळाशी निखाऱ्यांचा डोंगर होता. त्याच्या पायथ्यातून वितळलेलं औषध लालभडक धारेने बाहेर येत होतं आणि खालच्या टाकीत पडताना असं गरजत होतं की छातीत हादरे बसावेत. त्या टाकीत विरघळून त्याचं हिरवं पाणी बनतं. त्यात चुना घातला की पुन्हा पहिलं औषध तयार. चुन्याचा गाळही फेकत नाहीत, भाजून परत चुना करतात. धुरातली राखसुद्धा विजेच्या पट्ट्यांवर धरून, झटकून, परत काळ्या पाण्यात. आमच्या घरात शिळ्या पोळीचा कुस्करा झाला तरी आम्ही स्वतःला काटकसरी समजतो. मी जन्मभर जो कोरा कागद विकला, त्याच्यामागे एवढी आग आहे हे बघून मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

शेवटी भाऊजींनी आपली लाइन दाखवली. एक जाडजूड चंदेरी पाइप, बाकी बघण्यासारखं काही नाही. जिथे जिथे घाण वासाचा गॅस सुटतो, तिथून तो ओढून चुन्याच्या भट्टीत नेऊन जाळायचा. भाऊजींनी त्या पाइपवर हात फिरवला.

दुपारी जेवायला कॉलनीत गेलो. भाऊजींनी स्वतः वडाभात (गरम भातावर डाळीचे वडे कुस्करून वरून फोडणीचं तेल) केला होता. पहिला घास घेतला आणि खिडकीतून तो आला. सडका कोबी, आणि जोरात. माझा हात थांबला. भाऊजी मजेत जेवत होते, मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"काहून थांबला गा? येऊन राहिला का?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. त्या माणसाने सकाळपासून किती आशेने मला फिरवलं होतं! पण ताईने खरं सांगायला बजावलं होतं. मी म्हणालो, "येतोय, भाऊजी."

त्यांनी लगेच मिलमध्ये फोन लावला. लाइन बंद पडली होती. बंद पडली की गॅस थोडा वेळ चिमणीतून बाहेर जातो, चालू झाली की थांबतो. थोड्या वेळाने वास गेलाही. पण भाऊजी पुढे जेवले नाहीत. 

"मले आताबी काहीच नाही आलं," ते म्हणाले. "मंजे ती इतके साल खरंच सांगून राहिली होती." मग ताट बाजूला सारून म्हणाले, "तिले म्हणा, आताच नको येऊ. अजून वास येते."

परतताना ती लाल धार डोळ्यांपुढून हलत नव्हती, पण त्याहून जास्त भाऊजींचा चेहरा. त्यांच्या मेहनतीवर मीच पाणी फिरवलं असं वाटत होतं. घरी आल्यावर ताईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. वास येतो, अधूनमधून येतो, आणि भाऊजी म्हणाले आताच नको येऊ.

ताई सांबार (कोथिंबीर) निवडत होती. तिचे हात थांबले.

"वास येते असं ते म्हणाले? त्याईच्या तोंडानं?"

"हो."

तिने निवडलेली जुडी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि माळ्यावरची बॅग काढायला मला स्टूल आणायला सांगितलं.