आत्यानं मोडलेली इंग्रजी सोयरीक

माझी आत्या सहीच्या जागी अंगठा उठवायची, पण रिह्याच्या खोऱ्यात तिला विचारल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर अक्षता पडत नसत. कुणाची पोरगी लग्नाची झाली, कुणाचा पोरगा फुकट उंडारतोय, कुणाच्या घरी सासू खाष्ट आहे, सगळं तिला तोंडपाठ. तिनं जुळवलेलं एकही लग्न मोडलं नव्हतं आणि हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी माहेरी आली, आणि आल्या दिवसापासून घराचा कारभार तिच्याकडे. आबा गावात पंच होते. घरात आत्यासमोर त्यांचं मांजर व्हायचं.

मी तेव्हा इंटर आर्ट्सला होते, पुण्यात मुलींच्या वसतिगृहात राहायचे. आमच्या खोऱ्यातून इंटरपर्यंत पोचलेली पहिलीच पोरगी, त्यामुळे मला शिंगं फुटली होती हे कबूल करते. आबांनी साफ सांगितलं होतं, "पास झालीस तर बीए कर, मी आडवा येणार न्हाई. नापास झालीस तर आत्या म्हणंल त्या घरी जायचं. मग रडायचं न्हाई."

आत्याचं घर तर ठरलेलंच होतं. नांदे गावचा एक मुलगा. "उंच हाय, एकुलता हाय, विहिरीला बारमाही पाणी हाय, आन् दात सगळे हायेत," अशी त्याची जाहिरात ती करायची. दातांचं काय एवढं, म्हणून मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या आबांचे बघ की." मला तो मुलगा नको होता. त्याच्यात खोट होती म्हणून नव्हे, मी त्याला पाहिलाही नव्हता. मला बीए व्हायचं होतं, एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले ती इंग्रजीची कादंबरी काखोटीला मारून. चारशे पानं, मुंगीएवढी अक्षरं, आणि सुट्टीत वाचून संपवायची ताकीद. इकडे भाताची झोडणी चालू. खळ्यावर आई, आत्या आणि शेजारच्या चार-पाच बाया पेंढ्या आपटत होत्या आणि मी गवताच्या ढिगावर पुस्तक घेऊन बसलेली. आत्यानं पाच मिनिटं कळ काढली.

"राणीसरकार, कधी उठायचं ठरलंय?"

"आत्या, हे वाचलं नाही तर मी नापास होईन."

"मग मनातल्या मनात काय वाचतीस चोरावानी? मोठ्यानं वाच. आमाला काय कान न्हाईत व्हय?"

मी मोठ्यानं वाचायला लागले. चार ओळींत बायांची हसून मुरकुंडी वळली. "हे काय बदकं भांडल्यावानी! मराठीत सांग," असा हुकूम निघाला. आणि नियमही तिनंच घातला: जीभ चालतीये तोवर हातांना सुट्टी. जीभ थांबली की पेंढी उचलायची. मला काय, सोन्याहून पिवळं!

तर गोष्ट अशी होती. विलायतेतलं खेडं. आईबाप नसलेली एक पोरगी काकाचा गोठा सांभाळते. शेजारच्या वाडीत एक शेतकरी, त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या. त्याचं तिच्यावर मन बसलेलं, पण गडी मुखदुर्बळ. दर रविवारी मधाचं भांडं घेऊन तीन मैल चालत यायचा, फाटकापाशी उभा राहायचा, "आज आभाळ आलंय" म्हणायचा आणि परत जायचा. दुसरा होता धान्याच्या व्यापाऱ्याचा पोरगा. घोडा, चाबूक, चकचकीत बूट आणि तोंडाला खळ नाही.

मला खरं तर ते पुस्तक फार आवडलं होतं. त्या फाटकापाशी त्याला अकरा पानं उभा केला होता, आणि त्या अकरा पानांत तो एकदा टोपी काढतो आणि परत घालतो. वर्गात आमच्या बाई हे वाचताना उसासे टाकायच्या. खळ्यावर आत्या म्हणाली, "अकरा पानं? पाय दुखत न्हाईत का मुडद्याचे? आगं, कोण मोठं माणूस न्हाई का त्याच्यात? मामा कुटं हाय त्याचा? सोयरीक काय सोता मागत्यात व्हय?"

"त्यांच्यात स्वतःच मागतात."

"म्हणून चारशे पानं लागली. मी असते तर धा पानांत उरकलं असतं."

पण आभाळाच्या गप्पा मात्र तिला पटल्या. शेतकऱ्यानं पावसापाण्याचंच बोलावं, प्रेमाचं काय बोलायचं असतं, असं तिचं मत पडलं. ओढ्याकाठी तो तिच्या हाताचं चुंबन घेतो ते पान आलं तेव्हा माझी बोबडी वळली. मी म्हटलं, "मग त्यानं तिची तब्येत विचारली." बाया झोडायच्या थांबल्या. "हात धरून?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "नाडी बघत होता." आत्या म्हणाली, "वैदू हाय का त्यो? मग काय वाईट न्हाई." आबा गंजीमागं पेंढ्या बांधायच्या निमित्तानं हे सगळं ऐकत होते, हे मला मागाहून कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलंच नाही. गंजीमागून आवाज आला, "त्यांच्यातली गाय येका वेळंला किती दूध देती, ते लिवलंय का?"

पाचव्या दिवशी मात्र घात झाला. पोरीच्या दारात एक जुनं ओकाचं झाड होतं, तिच्या घरातली सगळी वऱ्हाडं म्हणे त्याच्याखालून गेलेली. पुढं त्या मधवाल्याच्या बहिणीचं लग्न निघतं, तेव्हा त्याची आई दारावर ओकाच्याच डहाळ्या बांधते. आता रिह्यात ओक कुणाला माहीत? मी आपली सोय म्हणून पहिल्यापासून "उंबर" सांगत आले होते. आत्याची पेंढी हवेतच राहिली.

"थांब. पोरीच्या दारात उंबर?"

"हो."

"वऱ्हाड त्याच्या पाया पडून जातं?"

"खालून जातं."

"आन् ह्याच्या घरच्या लग्नात दारावर उंबराचीच डहाळी?"

"हो गं. मग?"

"मग काय! देवक येक हाय दोघांचं!"

ज्यांच्यात देवक नसतं त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात प्रत्येक कुळाचं एक देवक असतं, कुणाचं कळंब, कुणाचं उंबर, कुणाचं मोराचं पीस. लग्नाच्या मांडवात त्याची पूजा होते. दोन्हीकडचं देवक एक निघालं की ती दोघं बहीणभाऊ. मग तिथं सोयरीक होत नाही, कितीही मध आणलेला असो.

मी म्हटलं, "आत्या, ती इंग्रज माणसं आहेत. त्यांच्यात देवक नसतं."

"त्यांना म्हाईत नसंल. न्हाईतर डहाळी कशाला बांधत्यात? हे लगीन व्हायचं न्हाई." तिनं पेंढी खाली टाकली. "आन् हुणार आसंल तर मला ऐकायचं न्हाई. बहीणभावाचं असलं काय ऐकायचं! ऊठ, झोडायला लाग."

सगळ्या बाया तिच्या बाजूनं. आईसुद्धा! ढीग डोंगराएवढा, ऊन मी म्हणतंय, आणि माझे हात पाच महिने पुण्यात राहून लोण्यासारखे झालेले. मी काय करणार? मी घाईघाईनं दोन-चार पानं उलटली आणि म्हटलं, "थांबा थांबा, पुढं तेच लिहिलंय. त्यांना देवकाचं कळतं."

"बघ!" आत्या म्हणाली आणि पेंढी परत उचलली.

तिथून पुढं पुस्तक माझ्या मांडीवर उघडं आणि गोष्ट आत्याची. मधवाला शहाण्यासारखा पोरीला बहीण मानतो. तिला भाऊबीजेला लुगडं आणि एक मधाची पेटी देतो. मग तोच पुढं होऊन व्यापाऱ्याच्या पोराशी तिची सोयरीक जमवतो, त्या पोराला आधी चार शब्द सुनावून सरळ करतो. लग्नात पुरणपोळी की बुंदी यावर खळ्यावर अर्धा दिवस वाद झाला, शेवटी बुंदी ठरली, कारण परदेशात पुरण वाटायला पाटा मिळेल का याची आईला शंका होती. मी इतकी रंगले की बुटांऐवजी व्यापाऱ्याच्या पोराच्या पायांत वहाणा घातल्या. लग्न बायांना एवढं आवडलं की दळताना, पाण्याला जाताना, जिथं गाठतील तिथं "ते लगीन परत सांग" सुरू. मी विसेक वेळा सांगितलं असेल.

पुण्याला परत गेल्यावर खरा शेवट वाचला की. मधवाल्याचं आणि तिचंच लग्न होतं, फार गोड. पण तो एकदाच वाचला, आणि परीक्षेच्या घाईत.

परीक्षेत प्रश्न आला: शेवटच्या विवाहापर्यंतचा घटनाक्रम लिहा आणि त्यावर भाष्य करा. मला इतका आनंद झाला! पेन थांबेना. चार पानं लिहिली, झाडाच्या कारणानं सोयरीक कशी मोडते, भाऊ म्हणून नायक कसा कर्तव्याला जागतो, मधाच्या पेटीचं महत्त्व काय. बुंदीचा उल्लेख मी टाळला, एवढी अक्कल शिल्लक होती. पेपर देऊन बाहेर आले, मैत्रिणींचं बोलणं कानावर पडलं, आणि तेव्हा कळलं, मी पुस्तकातला नव्हे, आत्याचा शेवट लिहून आले होते.

जूनमध्ये निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास.

आबांनी निकालाचा कागद घडी घालून फळीवर ठेवला. आत्या मात्र माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे. नांद्याचं घर चांगलं हाय. सुखात राहशील." मग माझा ताबा सुटला. तापट मी आहेच, पण तिच्यावर ओरडायची माझी ती पहिलीच वेळ.

"तुझ्यामुळं नापास झाले मी! तू सांगितलंस ते लिहिलं पेपरात!"

"मग? चुकलं काय त्याच्यात?"

"पुस्तकात लग्न मधवाल्याशीच होतं!"

"येका देवकात?" ती मटकन खाली बसली. "आन् तू मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर झोडायला लावलं असतंस."

हे खरं होतं, तिलाही माहीत होतं. म्हणजे चूक निम्मी माझी, खरं तर निम्म्याहून जास्त, पण त्या दिवशी मी काही ते कबूल केलं नाही. आत्या त्या रात्री जेवली नाही. आत्या न जेवणं म्हणजे आमच्या घरात आक्रीतच.

सकाळी उठून तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि आबांना म्हणाली, "चल. नांद्याला जायचंय." आबांनी मुकाट्यानं पटका बांधला. तारीख काढायलाच निघाले, मी समजले. त्या दिवशी मी किती रडले ते मला माहीत आणि आमच्या म्हशीला माहीत. ते पुस्तक मी रागानं गव्हाणीत भिरकावलं. आईनं ते काढून, पदरानं पुसून परत आणून ठेवलं.

दिवेलागणीला दोघं परतली. आत्या सरळ आत गेली. आबा चुलीपाशी बसून आईला सांगायला लागले, आणि सांगता सांगता त्यांना हसू आवरेना. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

नांद्याला मुलाच्या आईनं गूळपाणी दिलं आणि म्हणाली, "तुमची पोरगी नापास झाली म्हणं. बरंच झालं. आता लांबवायचं न्हाई."

आत्या म्हणाली, "पोरगी न्हाई नापास झाली. मी झाले. आमाला ऑक्टोबरात परत बसायचंय. तवा तुमी आमची वाट बघू नका."

मुलाच्या आईनं तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. पिकले केस, सुरकुतलेले हात. "तुमी? तुमी कितवीला हाय?"

"इंटर आर्ट्सला," आत्या म्हणाली, आणि गूळ तोंडात टाकून उठली.

आबा म्हणाले, आता तिनंच एवढं सांगितल्यावर मी काय बोलू? ऑक्टोबरात मी पास झाले, पुढं बीएही झाले. पण त्याच्याआधी एक भातलावणी होती.

आत्यानं मला पुस्तक घेऊन बांधावर बसवलं, डोक्यावर पानांचं इरलं, पुस्तक छातीशी, सगळीकडून पाऊस. ती आणि बाया चिखलात वाकून रोपं लावत मागं मागं सरकत होत्या. "पयल्यापासनं वाच. हाय तसं. येक अक्षार बदलायचं न्हाई," ती म्हणाली. मी वाचलं. या खेपेला ओकाला ओक म्हटलं, चुंबनाला चुंबन म्हटलं. एकदोघी खुदखुदल्या, तशी तिनं डोळे वटारले. ती स्वतः चार दिवसांत चकार शब्द बोलली नाही. आत्या!

शेवटी ते लग्न आलं. दोघं त्या झाडाखालून हातात हात घालून निघतात. बाया सरळ उभ्या राहिल्या आणि आत्याकडं बघायला लागल्या. आत्या वाकलेलीच होती, मूठभर रोपं हातात, ओठ घट्ट मिटलेले. मला तिची फार माया आली. मी थांबले, तशी एकीनं संधी साधून विचारलं, "आत्या, चालतंय का हे?"

"गप बस," आत्या म्हणाली. "पोरीचा पेपर हाय."