प्रल्हादच्या हातातला ट्रे

"मेश्राम गेले. तुमच्याकडे त्यांचा एखादा फोटो असेल का?" मंडळाच्या सचिवांनी ही दोन वाक्यं एका दमात म्हटली. पहिल्या वाक्यावर थांबायला मला वेळच मिळाला नाही. मी म्हटलं, घरी असतील की, वहिनींना विचारा. "नाही, आपल्या मंडळाच्या नाटकातला हवा. शोकसभेला मोठा करून लावू, मग हॉलमध्ये कायमचा." मी फोन ठेवला, आणि मग मला कळलं की प्रल्हाद मेश्राम गेला...

भिलाईतलं आमचं मराठी मंडळ दरवर्षी एक नाटक करतं. मी शाळेत शिकवत होते तेव्हापासून विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत आले आहे. प्रल्हाद स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होता, राहायला मरोद्यात, कामगारांच्या वस्तीत. त्याच्याकडे चार भाषा होत्या. घरची नागपुरी, प्लांटातली हिंदी, बाजारातली छत्तीसगढी, आणि आमच्या कार्यकारिणीलाही धड न जमणारी रंगमंचावरची पुस्तकी मराठी. रजा काढून हिंदी मालिकांत तो न्यायाधीश झाला, प्राध्यापक झाला, एकदा चक्क मंत्री झाला. रायपूरच्या एका छत्तीसगढी चित्रपटात त्यानं गौंटिया केला, म्हणजे गावचा जमीनदार. तो इतका चालला की दुर्गच्या बाजारात भाजीवाल्या वांगी तोलण्याआधी त्याला सुनेला घराबाहेर काढल्याचा जाब विचारत. "कइसे गौंटिया, बहू ला घर ले काबर निकाले?" हा नसलेल्या मिशीवरून हात फिरवून म्हणे, "निकालेंव त निकालेंव, तैं भांटा तउल."

आमच्या मंडळात मात्र तो नोकर होता. दरवर्षी. नाटक दिवाणखान्यातलं असो, ऐतिहासिक असो की खुनाचं, वकील आणि सरदार अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून येत आणि नोकर मरोद्याहून येई. भूमिकांच्या वाटपाला कोणीतरी अगदी प्रेमळ आवाजात म्हणे, "मेश्राम नोकर किती नैसर्गिक करतात." जात काढायची नसते तेव्हा आमच्याकडे गुणांचं कौतुक करतात.

नैसर्गिक कसलं... तालमीआधी तो ट्रेमध्ये काठोकाठ पाण्याचे कप घेऊन विंगेत येरझारा घालायचा. मला सांगायचा, "ताई, नौकर कपाकडं पायत नाई, सायबाच्या तोंडाकडंही पायत नाई. तो भिंतीकडं पायते. नवा असन तोच कपाकडं पायते." एका प्रयोगात बॅरिस्टर झालेले अधिकारी साफ अडकले. मी विंगेतून जवळजवळ ओरडत होते, त्यांना ऐकूच येईना. प्रल्हाद चहा घेऊन आत गेला आणि अदबीनं म्हणाला, "सरकार, काल आपण म्हणत होतात की ते मृत्युपत्र खोटं आहे, आणि वहिनीसाहेबांना ते ठाऊक आहे..." बॅरिस्टरांचं अख्खं स्वगत त्यानं नोकराच्या तोंडून सांगून टाकलं. बॅरिस्टरांना फक्त "हो" म्हणायचं उरलं, ते त्यांनी म्हटलं. त्या वर्षीचं अभिनयाचं बक्षीस त्यांनाच मिळालं. "तुला राग येत नाही का रे?" मी विचारलं. "येते ना. पन त्यायले भेव हाय, ताई. मी सायेब झालो त त्यायचे सायेब नौकरावानी दिसतीन." तो हसला. मला तेव्हाही हसू आलं नाही, आजही येत नाही.

शोकसभेत मंचावर समई होती, वक्ते होते आणि फोटो होता. जुन्या समूहचित्रातून कापून मोठा केलेला. खांद्यावर पंचा, हातात ट्रे, मान किंचित वाकलेली. कडेला बॅरिस्टरांचं कोपर राहून गेलं होतं, त्या कोपरासकट हार घातला होता. कपाटात त्याचा दुसरा फोटोच नव्हता, असं सचिव सांगतात. खरंच सांगतात. दुसरा असणार कुठून? माणूस न्यायाधीश होऊन, मंत्री होऊन, गौंटिया होऊन मेला, आणि आम्ही त्याला मेल्यावरही चहा द्यायला उभा केला. सचिव माइकवर म्हणाले, "किती नैसर्गिक..." आणि पहिल्या रांगेतून त्याची बायको, शशिकला वहिनी, उठल्या.

"मम्मी, रहने दो," मुलगा कुजबुजला.

"कावून राहू देऊ?" त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "घरी यायले चहा मी आनून देत होती. जराक उशीर झाला का गौंटियावानी डोये वटारत. जिंदगीत यायनं सोताचा कप उचलून ठेवला नाई. हा कोन हाय? मी नाई ओयखत याले."

त्यांनी हार काढून टेबलावर ठेवला, फोटो बगलेत मारला आणि मायलेक निघून गेले. उरलेली भाषणं टेबलावरच्या हाराला उद्देशून झाली. एकही वक्ता गळला नाही.

गेल्या आठवड्यात सचिव मला घेऊन मरोद्याला वहिनींकडे गेले. हॉलच्या भिंतीत खिळा ठोकून झाला होता, फोटो परत हवा होता. समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या बाजूला फोटोच्या चौकटीत प्रल्हादचा गौंटिया बसला होता. पाय पसरून, काठीच्या मुठीवर तळहात, समोरच्याला बस न म्हणणारी ती नजर.

"हा न्या," वहिनी म्हणाल्या. "तो नाई, हा देतो."

सचिव चुळबुळले. "पण वहिनी, हा आपल्या मराठी नाटकातला नाही ना."

"मंग तुमच्या नाटकात यायले असं कावून नाई बसवलं?"

सचिव निघायला उठले. वहिनींचे गुडघे गेले आहेत. त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "सायेब, चहा गाळून ठेवला हाय आत. तेवढा ट्रे आना ना."

सचिव आत जाऊन ट्रे घेऊन आले. तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून गौंटियासमोर तसेच उभे राहिले. मान खाली, डोळे कपांवर. चहा बशीत सांडत होता. अजिबात नैसर्गिक वाटत नव्हतं.