बाबा आणि माझ्या सेकंडऱ्या

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात माझे सासरे, म्हणजे बाबा, नागपूरहून आमच्याकडे जर्सी सिटीला आले, आणि त्याच सुमारास माझ्या सेकंडऱ्या यायला लागल्या.

सेकंडरी म्हणजे काय, हे मला तेव्हा भेटेल त्याला समजावून सांगावं लागायचं. अमेरिकेत डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी आधी एक सामाईक अर्ज भरतात, तो आपण निवडलेल्या सगळ्या कॉलेजांना जातो. मग एकेक कॉलेज आपापले वेगळे प्रश्न पाठवतं. त्या दुसऱ्या अर्जाला म्हणायचं सेकंडरी. प्रश्न अभ्यासाचे नसतात. तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय, अपयश आलं तेव्हा काय केलंत, तुमच्यापेक्षा अगदी वेगळ्या माणसाशी तुमचं कसं जमलं, आमच्याच कॉलेजात का यायचंय, असले असतात. उत्तरं निबंधासारखी लिहायची आणि लवकर पाठवायची, कारण उशीर झाला की मुलाखतीच्या जागा भरत जातात.

मी तिशी ओलांडली होती. नागपूरला इंजिनिअरिंग, टेक्ससमध्ये एमएस आणि मग मॅनहॅटनच्या एका कंपनीत प्रोग्रामर, असा माझा सरळ रस्ता होता. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मी संध्याकाळच्या वर्गांत केमिस्ट्री आणि बायोलॉजी शिकायला लागले. बरोबरची मुलं विशीतली. लॅबमध्ये पहिल्याच दिवशी एकीने मला मॅडम म्हटलं आणि उपकरणं कुठे ठेवायची ते विचारलं. नवऱ्याने मला एकदाच विचारलं होतं, "यार, खूप वर्षं जातील यात. शुअर आहेस ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्याने रोजच्या स्वयंपाकातलं निम्मं काम मुकाट्याने आपल्याकडे घेतलं.

बाबा जिल्हा कोर्टात स्टेनो होते. उभा जन्म त्यांनी साक्षीदारांचे जबाब टिपून घेण्यात घालवला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आदल्या हिवाळ्यात गेल्या होत्या. घरात एकटेच बसून असतात म्हणून नवऱ्याने त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं. आल्यावर पहिले काही दिवस ते खिडकीशी खुर्ची ओढून खाली स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं बघत बसायचे. मग त्यांनी घरातल्या सगळ्या शर्टांना इस्त्री केली. मग चादरींना. काय बोलावं ते आम्हालाही सुचत नव्हतं आणि त्यांनाही.

शनिवारी सकाळी नवरा पार्कात क्रिकेट खेळायला जायचा. अशाच एका शनिवारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते. बाबा चहाचा कप घेऊन समोर येऊन बसले.

"काय लिहितेस गं एवढं?"

मी सांगितलं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं. मी माझं इंग्रजी वाचायला लागले. लहानपणापासून मला लोकांच्या वेदनेची जाणीव होती, विज्ञान आणि करुणा यांचा संगम मला खुणावत होता, चिकाटी हा माझा स्थायीभाव आहे, अशा अर्थाचं बरंच काही त्यात होतं. बाबांचं इंग्रजी चांगलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ही बाई कोण?"

"कोण बाई?"

"जिच्याबद्दल लिहिलंयस ती. मी तरी हिला आपल्या घरात पाहिलेली नाही."

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. मी म्हटलं, "बाबा, इथे असंच लिहितात."

"लिहीत असतील. पण आमच्याकडे पढवून आणलेले साक्षीदार यायचे ना, ते असंच बोलायचे. मी प्रामाणिक माणूस आहे, मी कधी खोटं बोलत नाही. जज्जसाहेब मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. ज्याने खरंच काही पाहिलेलं असायचं, तो सांगायचा, साहेब, त्या दिवशी नळाला लवकर पाणी येणार होतं म्हणून मी उठून बाहेर आलो. असं कोणी बोललं की आम्ही सगळे सरसावून बसायचो."

"मग मी काय लिहू?"

"आत्ता लिहूच नकोस. मला सांग. मराठीत सांग. हे डॉक्टर व्हायचं तुला कुठून सुचलं?"

मी लॅपटॉप मिटला आणि त्यांना एका काकांची गोष्ट सांगितली.

त्याच्या आदल्या वर्षी मी रविवारी एका हॉस्पिटलात व्हॉलंटियर म्हणून जात असे. काम साधं होतं. व्हीलचेअर ढकलायची, पांघरुणं आणून द्यायची. एकदा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला वॉर्डात बोलावून घेतलं. जवळच्या आयसेलिन गावी मुलाकडे आलेले एक मराठी काका छातीत पाणी झाल्यामुळे दुसऱ्यांदा भरती झाले होते. फोनवरचा दुभाषा फक्त हिंदीचा मिळाला होता. गोळ्या वेळेवर घेता ना, असं विचारलं की काका अदबीने मान हलवत होते. मुलगाही शेजारून सांगत होता, "ही टेक्स एव्हरीथिंग, डॉक्टर."

"तू काय केलंस मग?" बाबांनी विचारलं.

"मी मुलाला म्हटलं, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नसेल, खाली जाऊन कॉफी घेऊन या."

"मुद्दाम?"

"मुद्दामच. मला वाटलं काकांना काहीतरी सांगायचंय, पण त्याच्यासमोर नाही."

मुलगा खाली गेल्यावर मी काकांना मराठीत विचारलं, की पाणी उतरवायला दिलेली लघवीची गोळी घेतली की त्रास होतो का. त्यांनी एकदा दाराकडे पाहून घेतलं. मग म्हणाले, "बाई, गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं. पोरगा सुट्टीच्या दिवशी आम्हाला गाडीतून कुठं कुठं दाखवायला नेतो. हायवेवर दर वेळी त्याला गाडी थांबवायला कसं सांगायचं? म्हणून बाहेर जायचं असलं की मी ती गोळी खिशात ठेवून देतो."

मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून काकांच्या पलंगाशी बसल्या आणि म्हणाल्या, फिरायला जायचं असेल त्या दिवशी घरी परत आल्यावर गोळी घ्या, पण चुकवू नका. इतकं साधं होतं ते. काकांनी माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली, की असं चालतं का. मग पहिल्यांदाच त्यांनी मान हलवण्याऐवजी तोंडाने हो म्हटलं. त्या दिवशी घरी येताना मला ट्रेनमध्ये सारखं वाटत होतं, की त्या खुर्चीवर मला बसायचंय.

माझं सांगून झालं. बाबा कपाकडे बघत होते. चहा कधीचाच निवला होता.

"हिच्या वेळी आम्हाला कुणी असं बसून सांगितलं नाही," ते म्हणाले. मग कप बाजूला सरकवून, "तुला एक विचारू? शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी हिचं डायलिसिस मधेच बंद केलं. मी तिला मुंबईला हलवायला हवं होतं का?"

आई गेल्यापासून हा प्रश्न ते मनात घेऊन बसले होते, आणि आम्हाला दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवसांत नवरा रोज फोनवर तिथल्या डॉक्टरांशी बोलत होता. त्यांनी पाठवलेले रिपोर्ट मी पुन्हा पुन्हा वाचले होते. मी म्हटलं, "बाबा, मी डॉक्टर नाहीये अजून. पण मला जेवढं कळलंय तेवढं सांगते." आणि मी सांगितलं. मशीन रक्त बाहेर घेतं तेव्हा ब्लडप्रेशर तग धरून राहावं लागतं, आईंचं ते खाली खाली जात होतं, औषधं देऊनही वर येत नव्हतं. मशीन चालू ठेवलं असतं तर हृदय तिथेच थांबलं असतं, म्हणून त्यांनी ते थांबवलं. ॲम्ब्युलन्सचा इतका लांबचा प्रवास आईंना झेपण्यातला नव्हता. मी कागदावर मूत्रपिंडाचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी प्रश्न विचारले, अगदी बारीक, कोर्टातल्यासारखे. जे मला माहीत नव्हतं त्याला मी माहीत नाही म्हटलं.

"म्हणजे मुंबईला नेऊनही..."

"नाही, बाबा. तिथे पोचल्याच नसत्या."

त्यांनी चष्मा काढून पंच्याने पुसला. मग उठून दोघांसाठी परत चहा टाकला. नवरा बॅट घेऊन घरात शिरला तेव्हा आम्ही दोघं चहाबरोबर चिवडा खात बसलो होतो. आमच्याकडे बघून तो दारातच थांबला. काय झालं होतं ते मी त्याला नंतर सांगितलं.

आईंबद्दल मी कुठल्याच कॉलेजला काही लिहिलं नाही. ते बाबांचं होतं. काकांची गोष्ट मात्र लिहिली, जशी सांगितली होती तशीच, खिशातल्या गोळीसकट. त्यानंतर प्रत्येक शनिवारी आमचं कोर्ट भरायचं. मी एकेक प्रश्न वाचायची, मराठीत उत्तर सांगायची, आणि बाबा पॅडवर आपल्या शॉर्टहँडमध्ये भराभर टिपून घ्यायचे. मग माझंच बोलणं मला वाचून दाखवायचे. कुठे मी फुगवून बोलले असेन तर तिथे थांबून नुसते चष्म्यावरून बघायचे. इंग्रजी मी माझं माझं लिहायची. "आमच्याच कॉलेजात का?" या प्रश्नावर ते एकदा म्हणाले, "खरं सांग, बाकीचे घेतील याची खात्री नाही म्हणून." आम्ही दोघंही पोट धरून हसलो, आणि मग मी त्या कॉलेजची खरोखर माहिती काढली. तिथे विद्यार्थी पहिल्याच वर्षापासून गावातल्या मोफत दवाखान्यात काम करतात, हे मला तेव्हा कळलं आणि मनापासून आवडलं.

पानगळ सुरू व्हायच्या आधी सगळ्या सेकंडऱ्या गेल्या. थंडी पडल्यावर बाबा नागपूरला परतले. जाताना म्हणाले, "निकाल लागला की कळव. कसाही लागला तरी."

निकाल बरेच दिवस वाईटच लागत होते. नकाराची पत्रं एकामागून एक येत होती, सगळी अतिशय सभ्य. ऑफिसात मी नेहमीसारखी काम करत होते आणि आतून खचत चालले होते. नवरा म्हणायचा, "एक हो म्हणालं तरी पुरे आहे आपल्याला." फेब्रुवारीत त्या मोफत दवाखान्यावाल्या कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. बाहेर बर्फ पडत होता, म्हणून नवऱ्याने सुट्टी घेऊन ड्राइव्ह केलं. मुलाखत घेणारे डॉक्टर वयस्क होते. माझा निबंध त्यांच्या पुढ्यात होता. बाकी सगळं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग त्या गृहस्थांचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "त्यांच्या मुलाचा हॉस्पिटलात फोन आला होता. ते नायगारा बघून आले."

ते मोठ्याने हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

तरीही मला थेट प्रवेश मिळाला नाही. प्रतीक्षायादीत टाकलं. वसंत गेला, पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा का यावर आम्ही बोलायलाही लागलो होतो. जूनमध्ये ऑफिसात मीटिंग चालू असताना मोबाइल वाजला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन घेतला. त्या कॉलेजात एक जागा रिकामी झाली होती. पलीकडच्या बाईंना माझा रडका आवाज ऐकून विचारावं लागलं, की हे हो समजायचं ना.

नागपूरला सकाळ होईपर्यंत थांबून मी बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "छान. आता नीट झोप काढ. पुढे मिळायची नाही."

ऑगस्टमध्ये कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरांचा पांढरा कोट चढवण्याचा समारंभ झाला. बाबा त्यासाठी पुन्हा आले होते. मला मिळालेल्या कोटाच्या बाह्या हातांपेक्षा लांब होत्या. समारंभ संपल्यावर फोटो काढायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं, दोन्ही बाह्या आतल्या बाजूने नीट दुमडल्या आणि म्हणाले, "हं, आता उभी राहा."

नवऱ्याने फोटो काढला. त्यात मी डोळे मिटलेत आणि बाबा कॅमेऱ्याकडे न बघता माझ्या बाह्यांकडे बघताहेत. आम्ही दुसरा काढला नाही.