रेषेपुढची सावली

राघू तोंडात दूध धरून झोपतो आणि मुग्धाचेही डोळे मिटायला लागतात. दुपार आहे. ओट्यावर उष्टी ताटं तशीच पडली आहेत, खिरीच्या पातेल्यावरचं झाकण तिरकं झालं आहे, आणि भाद्रपदाचं ऊन खिडकीतून आत येऊन फरशीवर ऐसपैस बसलं आहे. सईची शाळा सुटायला अजून अवकाश आहे. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, असं मुग्धा मनाशी म्हणते. तान्ह्याच्या आया अशा पाचपाच मिनिटांवरच तर जगतात.

आज अविधवा नवमी. नवऱ्याआधी, अहेवपणी गेलेल्या बाईचं पान आज वाढायचं, तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. या घरातलं पान वैजयंतीचं. वैजयंती म्हणजे श्रीकांतची पहिली बायको, सईची आई. सई बालवाडीत होती तेव्हा जकात नाक्याच्या चौकात ती स्कूटरसकट टेम्पोखाली गेली. तिचं पान मुग्धानं वाढायचं, कारण दुसरं वाढणारं आहे कोण? सवतीनं सवतीला जेवू घालायचं, वर आग्रहही करायचा. खालच्या मजल्यावरच्या कमलमावशी सवाष्ण म्हणून आल्या, पोटभर जेवल्या, खण-नारळ पदरात घेतला आणि उठता उठता म्हणाल्या, खीर छानच झालीय हो, पण वैजू जायफळ जरा सढळ हातानं घालायची.

मुग्धा हसली. हसण्यावाचून इलाज नव्हता. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. जिवंत सवत असती तर तिचीही भाजी कधी करपली असती, तीही कमरेत सुटली असती, नवऱ्यावर खेकसली असती. ही आपली भिंतीवरच्या फोटोत ऐन उमेदीत थांबली. तिचं लग्न प्रेमाचं. ती नवऱ्याला ‘श्री’ म्हणायची, ‘अरे-तुरे’ करायची. मुग्धा ‘अहो’ म्हणते. ते ‘अहो’ सुटता सुटत नाही.

आणि वर तिच्या तारखा. नुकसानभरपाईचा दावा अजून चालूच आहे. तारीख असली की श्रीकांत दाढी गुळगुळीत करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, आणि संध्याकाळी परत येतो तो वैजूचा होऊन येतो. नीट जेवत नाही, सईला मांडीवर घेऊन नुसता बसून राहतो. कोर्टात नव्हे, बाईला भेटून आल्यासारखा दिसतो, असं मुग्धाला दर वेळी वाटतं आणि दर वेळी स्वतःची लाजही वाटते.

उद्या लोकअदालत आहे. विमा कंपनीचं म्हणणं पहिल्यापासून एकच. स्कूटर पांढऱ्या रेषेच्या पुढे पडलेली सापडली, म्हणजे बाईंनी लाल दिवा तोडला, टेम्पोवाल्याचा दोष नाही. दाणी वकिलांनी शेवटी तडजोड आणली आहे. निम्मी चूक टेम्पोवाल्याची, निम्मी मयताची, दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या आणि विषय मिटवायचा. श्रीकांत कितीतरी दिवस नाही म्हणत होता. वैजू सिग्नल तोडणाऱ्यातली नव्हती, एवढंच त्याचं पालुपद. मग मुग्धा एकदा बोलून गेली, “तिची चूक तुम्हाला दिसतच नाही. माझ्या बऱ्या रोज दिसतात.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, “करतो सही.”

जिंकली ती. पण तेव्हापासून छातीत काहीतरी रिकामं खडखडतंय.

डोळे मिटलेत की उघडे आहेत, हे आता तिला नीट सांगता येत नाही. राघूचा श्वास ऐकू येतो, आणि त्याच्या पलीकडे ताटावर बोट घासल्याचा आवाज.

वैजू पानावर बसली आहे.

फोटोतलाच पिवळा ड्रेस, केस वर बांधलेले, आणि पाण्याचा तांब्या ठेवावा तसं शेजारी हेल्मेट ठेवलेलं. ती बोटानं खीर निपटून खाते आहे.

“जायफळ बरोबर आहे,” ती म्हणते. “मावशींचं नको मनावर घेऊस. माझी खीर तळाला लागायची, तो वास लपवायला मी जायफळ घालायचे.”

“आणि आमटी?” मुग्धा विचारते. भ्यायला हवं होतं, पण तोंडून हेच निघतं. “हे अजून तुमच्या आमटीचं नाव काढतात.”

“श्री? मी होते तोवर रोज वरून मीठ घ्यायचा.” वैजू मान वर करते. “आणि ‘तुमच्या’ काय? तू म्हण. मी थांबले, तू चालत आलीस. या वर्षी आपण एका वयाच्या झालो.”

मुग्धा आणखी वाढायला वाकते. पळी हातात नाही. फरशी गार आहे, तिच्यावर कोर्टाच्या व्हरांड्यातल्या चपलांची धूळ आहे, आणि दोघी एका लांब बाकावर शेजारी शेजारी बसल्या आहेत. राघू मांडीवर तसाच झोपलेला आहे. पट्टेवाला दारातून बाहेर येऊन वैजयंतीच्या नावानं पुकारा करतो. मुग्धा उठून उभी राहते. का उठली, तिचं तिलाच कळत नाही.

“बस,” वैजू म्हणते. “हाक मला आहे. निदान इथं तरी.”

मुग्धा बसते. मग वैजू विचारते, सईचा पहिला दात पडला तेव्हा तो कुणी उचलला. मुग्धा सांगते, मी. तुळशीत पुरला. सई बोळक्या तोंडानं हसली की कशी दिसते, हेही वैजूला ऐकायचं आहे, आणि मुग्धा सांगताना हातचं काही राखून ठेवू शकत नाही.

“ताप आला की कुणाला हाक मारते?”

मुग्धाला खोटं बोलावंसं वाटतं. आजच जेवायला घातलेल्या बाईशी खोटं कसं बोलणार?

“मम्मा म्हणते. मला.”

वैजू समोरच्या भिंतीकडे बघत राहते. भिंतीवर काही नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आहे ते मुग्धाच्या चांगल्या ओळखीचं आहे. ती ते रोज आरशात बघते.

“तुला वाटतं, सगळं माझंच आहे,” वैजू हळू म्हणते. “घर तुला मिळालं, पोरगी मिळाली, तिचे दात मिळाले. श्रीचे केस पिकताना तू बघणार. माझ्याकडे तारीख तेवढी आहे. तीही उद्या काढून घेतेस.”

“मग तू तोडलास का सिग्नल? खरं सांग.”

“चल,” वैजू म्हणते आणि हेल्मेट चढवते.

बाक खालून गरम लागतो. ती स्कूटरची सीट आहे. वैजू पुढे, मुग्धा मागे, आणि दोघींच्या मध्ये राघू, ऊबदार, जड. चैत्राचं ऊन डोक्यावर तापलेलं आहे. जकात नाक्याचा चौक जवळ येतो तसा वैजूच्या केसांतला माक्याच्या तेलाचा वास येतो. मुग्धाही तेच तेल लावते. बाटली घरात होती म्हणून सुरू केलं होतं, मग सवय झाली.

दिवा लाल आहे. वैजू वेग कमी करते, पण पांढऱ्या रेषेवर थांबत नाही. रेष ओलांडून ती चांगली पुढे जाते, मग पाय टेकते आणि चावी फिरवून गाडी बंद करते.

“रेष मागे राहिली,” मुग्धा म्हणते. तिच्या आवाजात आनंद आहे आणि तो तिला लपवताही येत नाही. “बघ. गेलीसच की पुढं.”

“मागे ऊन आहे ना,” वैजू म्हणते. “बालवाडी सुटायची वेळ झाली. सीट तापली की पोरगी बसायला रडते. फ्रॉकखाली उघड्या मांड्या, चटका बसतो तिला.”

मुग्धा वर बघते. करंजाचं झाड. मागच्या वर्षी रस्ता रुंद करताना कापून नेलेलं झाड इथं अजून भरगच्च उभं आहे, आणि त्याची सावली बरोबर रेषेच्या पुढे पडली आहे. आजूबाजूला सगळे तिथंच दाटीवाटीनं थांबलेत. दुधाच्या रिकाम्या किटल्यांचा मोटरसायकलवाला आहे, एका गाडीवर दोन कॉलेजच्या पोरी, टोपीवाले एक आजोबा. मागे रेषेवर कुणी नाही, नुसतं ऊन भाजतंय. रसवंतीवाला सावलीच्या कडेला घुंगरू वाजवत उभा आहे आणि हवालदार त्याच्याकडून ग्लास घेतोय. सावलीत थांबण्याबद्दल तो कुणाला काही बोलत नाही. कधीच बोलला नाही.

मुग्धाच्या पायांना हे सगळं पाठ आहे. झाड होतं तोवर तीही रोज दुपारी सईला आणायला जाताना इथंच यायची. रेषेवर जागा मोकळी असली तरी पायानं गाडी रेटत रेटत सावलीत न्यायची.

“तूही इथंच थांबायचीस,” वैजू म्हणते.

“माझ्या ध्यानातच आलं नाही गं.”

“येईल कसं? तू सारखी माझ्याकडे बघत होतीस. रस्त्याकडे कुठं बघितलंस?”

दिवा लालच आहे. मागून डावीकडे एक इंजिन घाईनं जवळ येतंय, वळणावर कोपरा कापायच्या बेतानं. मुग्धा वैजूची कंबर घट्ट धरते. बंद गाडी तिच्या वजनानं जराशी हलते, मग स्थिर उभी राहते.

“तू उतर,” वैजू म्हणते. “तुला सईला आणायचंय.”

“आणि तू?”

“मलाही तिलाच आणायचं होतं.”

गळ्याला हिसका बसतो. राघूनं मंगळसूत्र मुठीत धरून ओढलं आहे आणि तो डोळे उघडून तिच्याकडे बघतो आहे. खोलीत तेच ऊन आहे, ओट्यावर तीच ताटं. पातेल्याचं झाकण तिरकंच आहे. मुग्धा तशीच बसून राहते. अपघात झाल्यापासून श्रीकांत त्या चौकातून गेलेला नाही, कालव्याच्या रस्त्यानं लांबचा वळसा घालतो. दाणी वकील काचा बंद करून गाडीतून जातात. त्या चौकात भर दुपारी सावली कुठं पडायची हे या अख्ख्या दाव्यात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस जायफळाचा विचार करत बसलं होतं.

ती फोन लावते. ऑफिसातल्या पंख्याची घरघर ऐकू येते, मग त्याचा ‘हं’.

“ऐक,” ती म्हणते, “उद्या सही करू नकोस.”

पलीकडे शांतता पसरते. सही करू नकोस म्हटल्याची की ‘ऐक’ची, कोण जाणे. ती एका दमात सांगून टाकते. झाड, रेष, सावली, तिथं सगळेच थांबायचे, मीही थांबायचे. वैजू दिवा तोडून चालली नव्हती, ती थांबलेली होती, आणि उभ्या गाडीवर टेम्पो कोपरा कापत आला. रसवंतीवाला झाड गेल्यावर रस्त्यापलीकडे सरकलाय, त्याला आजच विचारते. कोर्टात मी स्वतः सांगेन.

“विमा कंपनीचा वकील विचारेल, तुम्ही कोण,” श्रीकांत म्हणतो.

“सांगेन. तिच्या मुलीला शाळेतून आणते ती.”

मग तो म्हणतो, “उभी होती वैजू. उभी होती.” त्याचा आवाज फुटतो. ते नाव मुग्धाला नेहमीच्या जागी लागतं, नेहमीइतकंच लागतं. या वेळी ती फोन कानापासून दूर नेत नाही.

राघूला कमलमावशींकडे सोडून ती खाली येते. सकाळपासून स्कूटर अंगणाच्या मधोमध उन्हात उभी आहे. इथं ना झाड, ना छप्पर. रोज या वेळी काळी सीट तव्यासारखी तापते, म्हणून ती निघताना ओला नॅपकीन घेऊन येते, सईला बसवायच्या आधी पुसायला. आजही आणलाय. नळाचं पाणी त्यातून ठिबकतं आहे.

ती सीटवर हात ठेवते.

गार आहे. गाडीचं हँडल चटका देतंय, आरशाकडे बघवत नाही, आणि सीट मात्र झाडाखालून आत्ताच काढून आणल्यासारखी गार. मुग्धा हात उचलते, परत ठेवते. पुढच्या टोकापासून मागपर्यंत, सई बसते तिथंपर्यंत तळवा फिरवते. सगळीकडे गार.

ती ओला नॅपकीन पिळते, घडी घालते, डिकीत टाकते.

“बाई गं,” ती पुटपुटते, “एवढं तरी मला करू द्यायचं होतंस.”

आणि चावी फिरवते.