लग्न नव्हे जी, साक्षगंध

महादेवाला व्हिसातलं काही कळत नाही, अशी तेव्हा माझी पक्की समजूत होती. पवनीच्या घाटावरच्या वैजेश्वराला मी लहानपणापासून सगळं सांगत आले आहे, परीक्षा, आईचं दुखणं, मैत्रिणींशी झालेली भांडणं. पण हे प्रकरण त्याच्या आवाक्याबाहेरचं वाटे, म्हणून मी त्याला ते समजावून द्यायची. इथन अमेरिकेतला. आमच्याकडचं करवती काठाचं, कोशाच्या रेशमाचं विणकाम शिकायला तो पवनीत आला, बाबांच्या मागाशेजारी ठाण मांडून बसला आणि बसल्या जागी माझ्या प्रेमात पडला. मी तर त्याच्याही आधी पडले होते! तो परत गेल्यावर आमचा सगळा संसार फोनवर चालला. इकडे मी सकाळचा चहा घ्यायची आणि तिकडे तो जांभया द्यायचा.

"देवा, वाटा तीन आहेत," मी हात जोडून सांगायची. पर्यटक म्हणून मी जावं, तर लग्नाचा बेत लपवावा लागणार, आणि ते खोटं माझ्याच्यानं होणार नव्हतं. इथननं येऊन भंडाऱ्यात नोंदणी लग्न करावं, तर आधी महिनाभराची नोटीस. तेवढी रजा त्याला मिळत नव्हती, आणि नंतर पत्नीच्या व्हिसासाठी पुन्हा वाट पाहणं होतंच. तिसरा व्हिसा वाग्दत्त वधूचा. त्यावर तिकडे जायचं आणि तीन महिन्यांच्या आत तिथेच लग्न करायचं. "मला तिसराच हवा, आणि लवकर हवा," असं बजावून मी घंटा वाजवायची. आता कळतं, त्याला मी प्रार्थना म्हणत होते, पण ते हुकूम होते.

या व्हिसासाठी आमचं नातं खरं असल्याचे फोटो लागत होते. इथन आठवड्याभरासाठी आला तेव्हा बाबांनी साक्षगंध करायचं ठरवलं. आमच्याकडे लग्न ठरल्यावर चारचौघांसमोर अंगठी, साडी आणि कुंकू होतं, तेच. मला वाटलं, घरच्या घरी आटोपेल. बाबांनी मांडव घातला, वाजंत्री सांगितली, सगळ्या विणकर आळीला जेवण दिलं. मुलाकडचं कोणी नव्हतं, तर अर्धी आळी हौसेनं मुलाकडची झाली आणि मानपानासाठी रुसूनही बसली. मावशीनं आम्हाला एकमेकांना हार घालायला लावले. कोणीतरी अक्षता उधळल्या, मग काय, सगळ्यांनीच उधळल्या. धोतर सावरत इथन एकेकाला "बरं जी, बरं जी" म्हणत होता. मी आनंदानं वेडी झाले होते. त्यातले छान छान फोटो निवडून आम्ही अर्जासोबत जोडले.

मुंबईला अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला गेले. खिडकीतल्या साहेबांनी फोटो पाहिले, पुन्हा पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "हे तर लग्न आहे. विवाहित स्त्रीला हा व्हिसा मिळत नाही." मी इंग्रजीत सांगू लागले. साखरपुडा म्हटलं, अंगठी दाखवली. त्यांनी हारांवर बोट ठेवलं. मग अक्षतांवर. मला बसून थांबायला सांगितलं.

खुर्चीत बसल्यावर मला त्याचा अर्थ उमगला. या व्हिसासाठी मी लग्न झालेली, आणि पत्नीच्या व्हिसासाठी कुमारी! आता सगळं पहिल्यापासून, आणि आणखी किती काळ इथनपासून दूर, देव जाणे. बाबांचा तर असा राग आला की विचारू नका. काय गरज होती त्या धिंगाण्याची? रडू फुटणार तोच मनात वैजेश्वर आला, आणि पहिल्यांदाच मला त्याला काही समजावून सांगावंसं वाटलं नाही. मनात म्हटलं, या वाटेनं ने, त्या वाटेनं ने, नाहीतर इथेच ठेव. मी दमले रे. आता तू बघ.

थोड्या वेळानं माझं नाव पुकारलं. साहेबांनी मराठी दुभाषी बोलावली होती. पांढऱ्या केसांच्या त्या बाईंनी फोटो हातात घेतला आणि शुद्ध पुस्तकी मराठीत विचारलं, "हा कोणता विधी?" घाबरल्यावर माझ्या तोंडून घरचीच बोली येते. "लगन नाही झालं जी, साक्षगंध होय. मंगळसूत्र कोठी आहे माह्या गळ्यात? आमचा बाबा हौशी आहे, त्याले मी काय करू?"

बाईंनी चष्मा वर केला. "कोठली व तू?"

"पवनीची."

"माहं माहेर तुमसर!" त्या खुदकन हसल्या. मग साहेबांकडे वळून बराच वेळ इंग्रजीत बोलल्या. अंतरपाट नाही, मंगळसूत्र नाही, सप्तपदी नाही, आमच्या भंडारा जिल्ह्यात साक्षगंधालाही असंच गाव लोटतं. साहेबांनी पुन्हा फोटो न्याहाळला. "मग लग्न कधी?"

"तुम्ही व्हिसा द्याल तेव्हा," मी म्हणून गेले. साहेब हसले आणि मला व्हिसा मिळाला. त्या महानगरात नेमकी तुमसरची लेक त्या खिडकीशी कशी आली, याचा हिशेब मी करत नाही. मी आत फक्त भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

बाहेर रस्त्यावर येऊन घरी फोन लावला. "बाबा, झालं!" मी अक्षरशः ओरडले. आणि लगेच, राहवेना म्हणून, त्यांना झापलं. "एवढं कायले केलं होतं तुम्ही साक्षगंधात? सारं बुडत होतं!"

बाबा म्हणाले, "तुहं लगन तिकडंच लागन, हे मले ठाऊक होतं पोरी. आमाले कोन नेते तिकडं? म्हून म्या महादेवाले म्हटलं, पोरीच्या अंगावर एक डाव अक्षता पडताना पाहू दे. मंग नेजो तिले."

मी तिथेच फुटपाथवर बसून रडले. मी एक मागत होते आणि माझ्या मागे उभे राहून बाबा दुसरं मागत होते. देवानं त्यांचं आधी दिलं, आमच्याच दारात. त्या अक्षतांनाच मी चूक म्हणत होते.